ओढ्यापर्यंतचा आवाज

माझा आवाज मोठा आहे हे मला कळायच्या कितीतरी आधी शेजाऱ्यांना कळलं होतं. मी रडायला लागलो की पलीकडच्या घरातून लोक विचारायला यायचे, सगळं ठीक आहे ना म्हणून. शाळेत समूहगीतात मला पहिल्या दिवशी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काढलं, कारण बाकीची मुलं गातायत की नुसती तोंडं हलवतायत हे बाईंना कळेना. वडील सुतार होते. त्यांनी मला हाताशी घेऊन पाहिलं. पण माझी हातोडी खिळ्यापेक्षा अंगठ्यावर जास्त पडायची आणि मग मी जो ओरडायचो त्यानं आलेलं गिऱ्हाईक परत जायचं. शेवटी वडिलांनी हात टेकले. म्हणाले, "लाकूड काही तुझ्या नशिबात नाही. तुला जे येतं ते कर."

मला ओरडता येत होतं.

आधी थेटरवाल्यानं ठेवून घेतलं. नवीन सिनेमा लागला की बाजारभर सांगत फिरायचं. पुढे मी स्वतःची रिक्षा घेतली, तिच्या टपावर दोन कर्णे बसवले, एकाचं तोंड पुढं, एकाचं मागं, आणि सीटखाली बॅटरी ठेवली. मशीनचं आवाजाचं बटण घसरायचं म्हणून त्याला काडेपेटीतली काडी खोचलेली असायची. तेव्हापासून मला सगळे भोंगा म्हणतात. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी माझं खरं नाव मुद्दाम विचारून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्याही भोंगाच म्हणायला लागल्या.

भांड्यांचा सेल, सर्कस, उद्या पाणी येणार नाही, कुणाची म्हैस हरवली, कुणाचं दुकान नव्या जागी गेलं, हे सगळं गावाला माझ्याकडून कळायचं. सगळ्याला चाल एकच. "ऐका हो ऐका" म्हणायचं नाही हा माझा नियम होता, ते जुनं झालं. मी "या, या, या" नं सुरुवात करायचो आणि "विसरू नका" नं शेवट. म्हैस हरवली असली तरी "या, या, या". कुणी काही बोललं नाही, त्यामुळे मी ते उत्तमच आहे असं धरून चाललो.

बायको शाळेचे गणवेश शिवते. माझ्या कलेबद्दल तिचं मत फारसं बरं नाही. मी घरात बोलायला लागलो की ती मशीन थांबवते आणि म्हणते, "अहो, मी समोर बसलेय."

सरकारी दवाखान्यातलं लहान मुलांच्या डोसाचं कामही माझ्याकडेच होतं. दर महिन्याला आदल्या दिवशी मी फिरायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोपऱ्यावर रिक्षा लावून दवाखान्याच्या दारात उभा राहायचो. कामाला नाही, बघायला. बाजारपेठेतल्या बायका भांग पाडलेली, पावडर लावलेली पोरं घेऊन यायच्या. बंगल्याच्या गल्लीतल्या बायका यायच्या, ज्यांचा स्वतःचा डॉक्टर वेगळा होता तरी. बाकावर जागा उरायची नाही. हे सगळं बघून माझी छाती फुगायची. सर्कसवाल्याला तंबू भरल्यावर वाटत असेल तसं. डोस सिस्टर द्यायच्या, लस सरकारनं पाठवलेली, पोरं आयांनी आणलेली, आणि पाठ मी माझी थोपटून घ्यायचो.

या सिस्टर म्हणजे ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, अगदी हळू बोलणाऱ्या बाई. इतक्या हळू की रडणारं पोर गप्प व्हायचं, ऐकायला. आम्हा दोघांचा आवाज मिसळून दोन भाग केले असते तर दोन नॉर्मल माणसं झाली असती.

एका वर्षी पाऊस संपल्यावर खाणीवरच्या वस्तीत गोवर आला. ही वस्ती गावाच्या मागे, ओढ्यापलीकडे. तिथं दगडाची खाण आहे, खडीचा क्रशर आहे आणि पत्र्याच्या खोल्यांतून राहणारी, दगड फोडणारी माणसं. पोरांच्या अंगावर पुरळ आलं, ताप चढला, खोकला छातीत गेला. काहींना टेम्पोत घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एक मुलगी परत आली नाही.

बाजारपेठेत एकाही पोराला गोवर झाला नाही.

त्या आठवड्यात सिस्टरांनी मला दारात गाठलं. "भाऊ, तुम्ही खाणीकडे सांगायला जाता ना?"

"जातो की," मी म्हणालो. "दर महिन्याला जातो."

हे खोटं नव्हतं. मी ओढ्यापर्यंत जायचो. पुढे रस्ता संपतो, ओढ्यात गोटे आहेत, रिक्षाचं चाक तिथं अडकतं. मी अलीकडच्या काठावर रिक्षा आडवी लावायचो, पुढच्या कर्ण्याचं तोंड वस्तीकडे करायचो, काडी थोडी आत ढकलायचो आणि दणकून सांगायचो. मग वळून घरी. माझा आवाज पोचतो यावर माझी श्रद्धा होती. श्रद्धेची कुणी तपासणी करत नाही, मीही केली नव्हती.

"मग तिकडून कुणी येत कसं नाही?" सिस्टरांनी विचारलं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्याला मी काय करणार? आपण सांगायचं काम केलं. ज्याला पोरांची काळजी असेल तो येईल."

सिस्टरांनी चष्मा पुसला. "उद्या मी जातेय चालत. तुम्ही चला बरोबर."

आम्ही गेलो. ओढा ओलांडताना सिस्टर गोट्यांवरून टुणटुण गेल्या आणि मी मधल्या गोट्यावरून पाण्यात बसलो. त्यामुळे खाणीवरच्या वस्तीनं मला पहिल्यांदा पाहिलं ते कमरेखाली भिजलेलं.

तिथला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. क्रशर चालू होता. दगड आत जातो, खडी बाहेर पडते आणि मधे जे होतं ते कानात नाही, दातांत ऐकू येतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला लोक त्याच्या कानाला तोंड लावत होते. सिस्टरांचे तर नुसते ओठ हलताना दिसत होते. मी बोललो, तर माझाही आवाज मला आला नाही. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मला घाबरल्यासारखं झालं.

डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई आम्हाला खोल्यांच्या मागे घेऊन गेली. तिथं जरा ऐकू येत होतं. ती खाणीतल्या माणसांना पाणी द्यायचं काम करायची, तिला सगळे पाणीवालीच म्हणायचे. तिच्या जावेचीच मुलगी गेली होती. जाऊ खोलीत मांडीवर तान्हं पोर घेऊन बसली होती, तिनं वर पाहिलं नाही.

मी पाणीवालीला विचारलं, "मी ओढ्यावरून सांगतो ते ऐकू येतं का तुम्हाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "ते तुम्ही होय? येतं की कधीकधी. वारा इकडचा असला आणि क्रशर बंद असला तर."

"मग?"

"नुसतं या, या, या येतं. आम्हाला वाटायचं कुणाची तरी म्हैस हरवलीय."

सिस्टर खोकल्या. हसू लपवायला खोकल्या हे मला कळलं. मलाही हसू येत होतं, पण समोरच्या खोलीत ती जाऊ बसली होती. मी मान खाली घालून पायांवरचं पाणी झटकत राहिलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल जाऊ द्या. ती म्हणाली, "तुम्ही ओढा ओलांडला असता तर काय झिजला असता?"

मग मी ठरवलं की झालं ते झालं, आता बघाच. हातात धरायचा छोटा भोंगा आणला. पुढच्या डोसाच्या आदल्या संध्याकाळी, क्रशर थांबल्यावर, चालत वस्तीत गेलो, आणि प्रत्येक खोलीपुढे उभा राहून सांगितलं. चाल बदलली. "या, या, या" काढून टाकलं. पोरं माझ्यामागं मिरवणुकीसारखी फिरली. परत येताना मी बाजारात थांबून पानवाल्याला, शिंप्याला, सलूनवाल्याला, सगळ्यांना ऐकवलं, "उद्या दवाखान्यात या बघायला. अख्खी खाण येतेय." सिस्टरांनाही तसंच सांगितलं. त्या बिचाऱ्यांनी जास्तीची लस काढून ठेवली आणि शेजारच्या शाळेतून दोन बाकं आणवली.

सकाळी मी दाढी करून दारात उभा राहिलो. खाणीवरून एक म्हातारा आला. तो डोसासाठी आला नव्हता. भांड्यांचा सेल नक्की कुठं आहे हे विचारायला आला होता.

दुपारी सिस्टरांनी शाळेची बाकं परत पाठवली.  बाजारातून जायचं टाळून मी लांबच्या रस्त्यानं घरी गेलो, तरी सलूनवाल्यानं मला गाठलंच.

त्या संध्याकाळी मी पुन्हा वस्तीत गेलो. खरं सांगायचं तर भांडायला गेलो. पाणीवाली हंडे पालथे घालत होती.

"ऐकलं नाही का काल?" मी म्हणालो.

"ऐकलं ना. पोरं अजून तुमची नक्कल करतायत."

"मग कुणीच का नाही आलं?"

तिनं हात पुसले आणि ती पायरीवर बसली. मलाही बस म्हणाली. "भाऊ, दवाखाना दहाला उघडतो आणि एकला लस बंद. त्या वेळात आम्ही कुठं असतो? खाणीत. अर्धा दिवस गेला तरी ठेकेदार अख्ख्या दिवसाचा रोज कापतो. आणि एकदा गेले होते मी, या माझ्या मोठ्या पोराला घेऊन. खिडकीवरचा शिपाई म्हणाला, कार्ड कुठंय. मी म्हटलं, पहिल्यांदाच आलेय. तर म्हणाला, इतके दिवस झोपला होता का. बस म्हणाला, बसले. एक छत्रीवाल्या बाई आल्या, त्या आत गेल्या. मग आणखी एक आल्या, त्याही गेल्या. माझा नंबर आला तेव्हा लस संपली. पोर दिवसभर उपाशी. इकडे रोज बुडाला तो बुडाला. परत आले तर जाऊ म्हणाली, आपण नाही जायचं बाई."

मी म्हणालो, "मग हे मला सांगायचं नाही का?"

"कधी सांगणार?" ती म्हणाली. अजिबात रागानं नाही. "तुम्ही ओरडता आणि जाता."

 इतकी वर्षं मी गावाला सांगत आलो, पण गावानं मला काही सांगावं अशी सोयच माझ्या धंद्यात नव्हती. कर्ण्याला तोंड असतं, कान नसतो.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती काज करत होती. ती म्हणाली, "मग आता तिकडचं इकडे सांगा. त्यात काय एवढं? उलट्या दिशेनं ओरडायचं."

मी ठरवलं की ओरडायचं नाही. डॉक्टरसाहेब सरळ माणूस आहेत, त्यांना एकट्याला गाठून हळू आवाजात सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. त्यांच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. मी खुर्ची पुढे ओढली, वाकलो, आणि माझ्या मते कुजबुजत सगळं सांगितलं. खिडकीवरचा शिपाई कसं बोलतो, कार्ड नसलेल्या बाईला कसं बसवून ठेवतात, छत्रीवाल्या बाई कशा थेट आत जातात, खाणीवरच्या पोराचा नंबर येईपर्यंत लस कशी संपते.

माझं झालं आणि माझ्या लक्षात आलं की बाहेर अगदी शांत आहे. एक पोरसुद्धा रडत नव्हतं. डॉक्टरसाहेब पडद्याकडे बघत होते. मी पडदा बाजूला केला. बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. खिडकीतला शिपाई बघत होता. आणि बाकाच्या टोकाला, छत्री मांडीवर आडवी ठेवून, त्या बाई बसल्या होत्या.

"भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला शिपाई आत बोलावतो म्हणून मी जाते. माझ्यापुढं कुणी आहे हे मी कधी विचारलं नाही, ते माझं चुकलं. पण तुमची नात कुठल्या दारानं येते?"

माझी नात आमच्याकडेच असते. डोसाच्या दिवशी मी तिला कडेवर घेऊन मागच्या दारानं थेट सिस्टरांच्या टेबलापाशी न्यायचो. आपलाच माणूस म्हणून शिपाई दार उघडून द्यायचा. रांग ही इतरांसाठी असते असंच मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे, त्यावर मी कधी विचारच केला नव्हता.

"मागच्या," मी म्हणालो. हेही सगळ्यांना ऐकू गेलं.

बाकावर कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. शिपाईसुद्धा. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला परत आत बोलावलं आणि सिस्टरांनाही. म्हणाले, "शिपायाचं मी बघतो. पण वेळ माझ्या हातात नाही. संध्याकाळी दवाखाना उघडा ठेवायला माणसं नाहीत."

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, क्रशर महिन्यातून एकदा बंद असतो. त्याचा जबडा बदलतात, दगड फुटत नाही, कुणालाच रोज मिळत नाही. सगळी माणसं वस्तीवर असतात. त्या दिवशी मी लसींचा डबा घेऊन तिकडेच गेले तर?"

"लेखी मागावं लागेल."

"मागते."

लेखी मागितलं. वरून लेखी विचारलं, की त्या वस्तीला रस्ता आहे का. लेखी कळवलं, नाही. मग वरून विचारलं, रस्ता नाही तर डबा कसा नेणार. यावर सिस्टरांनी काय लिहिलं ते मला नंतर कळलं. त्यांनी लिहिलं होतं, भोंगा नेईल. माझं खरं नाव त्यांनाही आठवलं नव्हतं.

परवानगी यायला हिवाळा संपला. पहिल्या दिवशी लसींचा बर्फाचा डबा खांद्यावर घेऊन मी ओढा ओलांडला. सिस्टर पुढे उभ्या राहून कुठल्या गोट्यावर पाय ठेवायचा ते सांगत होत्या आणि त्या इतक्या हळू सांगत होत्या की मला थांबून "काय?" म्हणावं लागत होतं. पण डबा भिजला नाही. मीही गुडघ्यापर्यंतच भिजलो.

पाणीवालीनं तिच्या खोलीपुढची जागा झाडून ठेवली होती. हंडा पालथा घालून त्यावर सिस्टरांना बसायला फळी टाकली होती. मी हातातला भोंगा काढला, गळा साफ केला, तर सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही बोलू नका हं. पोरं दचकतात. दचकलं की हात हलतो." सगळ्या आयुष्यात मला गप्प राहण्याचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. वस्तीतल्या बायकांना बोलवायला पाणीवाली गेली. भोंगा न घेता, खोल्याखोल्यांतून डोकावून. एकेक करत सगळ्या आल्या.

सगळ्या म्हणजे बऱ्याचशा. दोन कुटुंबं आदल्या आठवड्यात दुसऱ्या खाणीवर निघून गेली होती. त्यांची पोरं आता कुठल्या ओढ्यापलीकडे असतील कुणास ठाऊक. एका बापानं दार लावून घेतलं. ज्यांना पहिला डोस मिळाला त्यातल्या काहींना दुसरा मिळणार की नाही, हे ठेकेदार त्यांना कुठं पाठवतो यावर होतं. आणि बंगल्याच्या गल्लीतल्या पोरांना दोन दोन डॉक्टर होते ते तसेच राहिले. छत्रीवाल्या बाई मात्र आता बाकावर नंबरानं बसतात. शिपाई अजूनही त्यांना बघून अर्धवट उठतो, मग डॉक्टरांच्या पडद्याकडे बघतो आणि खाली बसतो. माझी नातही रांगेत असते. तिला ते अजिबात आवडत नाही, आणि तिचा आवाज माझ्यावर गेला आहे.

त्या दिवशी वस्तीत दुपार कलली, सिस्टर डबा बंद करायला लागल्या, तेव्हा ती जाऊ आली. कडेवरचं तान्हं आता चांगलं गुटगुटीत झालं होतं. ती फळीसमोर बसली. सिस्टरांनी पोराची बाही वर सरकवली. सुई दिली. पोर एकदा किंचाळलं, मग हुंदके देत राहिलं. कार्डावर लिहायचं होतं, जावेला जन्माचा महिना आठवेना, तो पाणीवालीला विचारायला ती उठली आणि जवळ मीच होतो म्हणून तिनं पोर माझ्याकडे दिलं.

पोरानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ते झोपलं.

क्रशर बंद होता, पण त्याची धूळ तिथून कधी जात नाही. ती माझ्या नाकात गेली. माझं शिंकणं गावाला माहीत आहे. एकदा मी शिंकलो तेव्हा सलूनवाल्याच्या हातून गिऱ्हाईकाची अर्धी मिशी गेली होती. मी श्वास धरला. नाक दाबायला हात मोकळा नव्हता. डोळे घट्ट मिटले, दात दाबले, एका पायावरून दुसऱ्या पायावर झालो. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. पोर घोरत होतं, अगदी बारीक.

सिस्टरांनी वर पाहिलं. चष्मा काढला, परत लावला. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके हळवे असाल असं वाटलं नव्हतं मला."

मी मान हलवली. तोंड उघडण्याची सोयच नव्हती.